एक्सक्लुझिव्हचे पैसे घ्या, पण गेमवरचं नाव सोडू नका

धुळ्याच्या एका मुलानं विचारलंय. इंजिनिअरिंग झाल्यावर तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एक गेम बनवताहेत. डेमो तयार आहे, आणि एका परदेशी पब्लिशरनं (गेमला पैसे लावून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीनं) आगाऊ रकमेसह कराराचा मसुदा पाठवलाय. अटी तीन: गेम पहिलं वर्ष एकाच कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या एकाच कंपनीच्या यंत्रावर राहणार (एक्सक्लुझिव्ह म्हणतात ते हेच), आयपी म्हणजे गेमची मालकी आणि सगळे हक्क पब्लिशरच्या नावे होणार, आणि पुढच्या गेमवर पहिला हक्क त्यांचा. वर त्याला धास्ती अशी, की मोठ्या कंपन्या स्टुडिओमागून स्टुडिओ विकत घेत सुटल्यात. उद्या हा पब्लिशरच कुणी घेतला तर आपलं काय? शेवटची ओळ अहिराणीत: "ताई, आते काय करानं?"

थेट सांगते. वर्षभराची एक्सक्लुझिव्हिटी घे, तिला घाबरू नकोस. आयपी देऊ नकोस. आणि पुढच्या गेमवरचा हक्क जमेल तेवढा छाटून टाक. तुम्ही चौघं पहिल्या अटीवर रात्र-रात्र वाद घालताय असं तुझ्या पत्रावरून दिसतं, आणि बाकीच्या दोन्ही 'स्टँडर्ड आहेत' म्हणून सोडून दिल्यात. माझ्या मते नेमकं उलटं व्हायला हवं.

मी मूळची अमळनेरची, काम पुण्यात. गेम स्टुडिओंसाठी पब्लिशिंगचे करार वाचायचे आणि बोलणी करायची हा माझा धंदा. वकील नाही मी, त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला दाखवायचंच. पण वकिलाला काय विचारायचं ते कळण्यापुरतं इथे लिहिते.

आधी हे समजून घे, की एक्सक्लुझिव्हसाठी कुणी पैसे का देतं. नुसतं कन्सोल विकून कंपनीचं पोट भरत नाही. २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी विरुद्ध ॲपल या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं होतं की एक्सबॉक्सचं यंत्र त्यांनी कधीच नफ्यात विकलेलं नाही. कमाई होते ती नंतर: त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या इतरांच्या गेममधून साधारण ३० टक्के वाटा, सबस्क्रिप्शन, गेममधली खरेदी. एकदा माणसानं यंत्र घरात आणलं की पुढची कित्येक वर्षं त्याचा खर्च त्याच दुकानात होतो. म्हणून प्लॅटफॉर्म, म्हणजे कन्सोलवाली कंपनी, एखाद्या गेमला पैसे मोजतो, तेव्हा त्या गेमच्या किती प्रती खपतील एवढाच हिशेब नसतो. या गेमपायी किती जण आपल्या दारात येतील, हा असतो. २००१ मध्ये सोनीनं जीटीए ३ हा गेम आपल्या पीएस २ (प्लेस्टेशन २) साठी काही काळ राखून घेतला. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं बंजी हा स्टुडिओच घेतला, आणि मॅकसाठी म्हणून जाहीर झालेला त्यांचा हेलो हा गेम पहिल्या एक्सबॉक्सचा चेहरा झाला. पुढे जीटीए ४ च्या दोन जादा भागांसाठी मायक्रोसॉफ्टनं जीटीएच्या पब्लिशरला, टेक-टूला, ५ कोटी डॉलर दिले. अख्खा गेम नव्हे हं, नुसते जादा भाग.

यातून तुझ्या कामाचा एक प्रश्न निघतो. तुला पैसे प्लॅटफॉर्म देत नाहीये, पब्लिशर देतोय. मग एकाच कन्सोलची अट त्याला कशाला हवी? बहुतेक वेळा त्यानं प्लॅटफॉर्मशी आधीच बोलणी केलेली असतात आणि तिकडून रक्कम येणार असते. ती रक्कम तुमच्या गेमच्या जिवावर येतेय. तेव्हा ईमेलमध्ये सरळ विचार: प्लॅटफॉर्मकडून येणारी रक्कम गेमच्या उत्पन्नात धरणार का? धरणार असतील, तर तुम्हाला दिलेल्या आगाऊ रकमेच्या वसुलीचा मोठा वाटा गेम बाजारात येण्याआधीच फिटू शकतो. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

आता एक्सक्लुझिव्ह या एका शब्दाखाली कोणकोणते व्यवहार चालतात ते बघ. रावेर-यावलकडे केळीचा व्यापारी भाव ठरवून घड कापून नेतो, बाग शेतकऱ्याचीच राहते, पिलबागेचं (त्याच झाडांच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांचं) पीकही पुन्हा त्याचंच. टाइम्ड, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता एक्सक्लुझिव्ह म्हणजे एवढंच. आयपी लिहून देणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलणं. आणि स्टुडिओ विकणं म्हणजे सातबाऱ्यासह सालदारही देऊन टाकणं.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण राइज ऑफ द टूम्ब रेडर. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला, पीएस ४ वर ऑक्टोबर २०१६ मध्ये. चाहत्यांनी तेव्हा शिव्याशाप दिले, पण नाव पब्लिशर स्क्वेअर एनिक्सकडेच राहिलं आणि वर्ष सरल्यावर दुसरीकडची विक्री मोकळी झाली. आपल्याकडचंच हवं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी. २०१७ मध्ये किकस्टार्टरवरची त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती. पुढे एपिककडून अनुदान मिळालं, आणि गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, पीएस ४ आणि एक्सबॉक्सवर. जेमतेम दोन महिन्यांची एक्सक्लुझिव्हिटी. त्या दोन महिन्यांत नव्या स्टुडिओच्या गेमला निंटेंडोच्या मंचावर जी जागा मिळाली, ती जाहिरातीवर खर्च करून विकत घेणं त्यांना परवडलं नसतं. गंमत अशी, की निंटेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकतही नाही, आणि दुर्गेच्या वरदानाची गोष्ट आधी तिथे पोचली.

दुसऱ्या प्रकारात गेम बनवणारा वेगळा, मालक वेगळा. ब्लडबोर्न फ्रॉमसॉफ्टवेअरनं बनवला, पण हक्क सोनीचे. २०१५ पासून चाहते पीसी आवृत्ती मागताहेत, पण ती काढायची की नाही हे ठरवणं फ्रॉमसॉफ्टवेअरच्या हातात नाही. याच प्रकारात कधीकधी चांगलंही घडतं. बायोनेटा २ ला कुणी पैसे लावायला तयार नव्हतं, निंटेंडोनं लावले, म्हणून तो २०१४ मध्ये निघाला, अर्थात त्यांच्याच यंत्रावर. अशा वेळी 'एक्सक्लुझिव्ह केला' हा आरोप मला पटत नाही. नाहीतर तो गेम झालाच नसता. पण तुमचं तसं नाहीये. डेमोपर्यंतचा खर्च तुम्ही स्वतःच्या खिशातून केलाय. उरलेल्या कामाच्या पैशासाठी अख्खी मालकी मागणं हा महागडा सौदा आहे.

तिसरा प्रकार, स्टुडिओ खरेदी. तुझी धास्ती इथली आहे आणि ती निराधार नाही. १८ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं कॉल ऑफ ड्यूटी हा गेम काढणारी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरला घेणार असं जाहीर केलं. त्या वेळच्या भावानं पाच लाख कोटी रुपयांच्या वर. व्यवहार पुरा व्हायला १३ ऑक्टोबर २०२३ उजाडला. मधल्या काळात अमेरिकेची एफटीसी ही स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था कोर्टात गेली आणि तात्पुरती मनाई मिळवण्यात हरली. ब्रिटनच्या नियामकानं एप्रिल २०२३ मध्ये व्यवहार अडवला, तो कन्सोलसाठी नव्हे, क्लाउड गेमिंगसाठी, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळण्याच्या बाजारासाठी. शेवटी युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे क्लाउडचे हक्क १५ वर्षांसाठी युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला दिल्यावर वाट मोकळी झाली. कॉल ऑफ ड्यूटी दहा वर्षं प्लेस्टेशनवर राहील असा करार सोनीनं जुलै २०२३ मध्ये केला. सगळी चर्चा कॉल ऑफ ड्यूटीची झाली, पण त्या खरेदीत कँडी क्रशवाली किंग ही कंपनीही होती. म्हणजे दुपारी जेवण आटोपल्यावर जळगावातली एखादी मावशी कँडी क्रशची लेव्हल चढते, तेव्हा तीही मायक्रोसॉफ्टचीच गिऱ्हाईक असते. मोबाइलवर पाय रोवणं हे त्या खरेदीमागचं मोठं कारण होतं.

अशा खरेदीनंतर आधीच्या करारांचं काय होतं, हा तुझ्यासाठी खरा मुद्दा. लेखी करार टिकतात. मायक्रोसॉफ्टनं बेथेस्डा या गेम कंपनीची मूळ कंपनी झेनिमॅक्स ७.५ अब्ज डॉलरला घेतली, खरेदी मार्च २०२१ मध्ये पुरी झाली. त्याआधी त्यांचे डेथलूप आणि घोस्टवायर: टोकियो सोनीला काही काळासाठी कबूल केलेले होते. दोन्ही गेम मायक्रोसॉफ्टच्या मालकीखाली असूनही आधी पीएस ५ वर आले. डबल फाइन ही स्टुडिओ कंपनी २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली, पण त्यांचा सायकोनॉट्स २ पीएस ४ वर द्यायचं पैसे देणाऱ्यांना आधीच कबूल केलेलं होतं, ते दिलं. जे कागदावर नव्हतं ते मात्र हातचं गेलं: बेथेस्डाचा स्टारफिल्ड सप्टेंबर २०२३ मध्ये आला तो फक्त एक्सबॉक्स आणि पीसीवर.

विकत घेतला की गेम बंदिस्त होतोच असंही नाही. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अडीच अब्ज डॉलरला मोजांग घेऊनही त्यांचा माइनक्राफ्ट सगळीकडे राहिला. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झालेली बंजी सोनीनं २०२२ मध्ये ३.६ अब्ज डॉलरला घेतली ती सगळ्या यंत्रांवर गेम काढण्याची मुभा ठेवून. जो गेम लाखो लोक एकत्र खेळतात, वर्षानुवर्षं चालतो आणि आत खरेदी होते, तो बंद दारामागे ठेवणं तोट्याचं असतं. एकट्यानं खेळायचा गोष्टीवेल्हाळ गेम यंत्र विकायला कामी येतो, म्हणून तो राखून ठेवतात. निदान ठेवायचे. आता तेही बदलतंय, कारण खर्च. एफटीसीच्या त्याच खटल्यात सोनीच्या एका कागदावरचे आकडे काळ्या मार्करनं झाकले होते, आणि स्कॅन केल्यावर ते खालून चक्क वाचता येत होते: द लास्ट ऑफ अस भाग २ ला २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टला २१.२ कोटी. (कोर्टात कागद देताना मार्कर वापरू नये, एवढा धडा आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी घेतला.) एवढा पैसा एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करणं अवघड. म्हणून २०२४ पासून हाय-फाय रश, सी ऑफ थीव्ह्ज, मग फोर्झा होरायझन ५ असे एक्सबॉक्सचे गेम प्लेस्टेशनवर आले, आणि सोनीचा हेलडायव्हर्स २ ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये 'कोणतं यंत्र घेऊ' म्हणून विचारणाऱ्यांना मी हल्ली एवढंच सांगते: ज्यावर तुझे मित्र खेळतात ते घे.

खरेदीतलं खरं दुखणं वेगळंच आहे. हाय-फाय रश बनवणारा टँगो गेमवर्क्स झेनिमॅक्सबरोबर मायक्रोसॉफ्टकडे आला होता. गेमचं कौतुक झालं, बक्षिसं मिळाली, आणि मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी अर्केन ऑस्टिन या दुसऱ्या स्टुडिओचंही. टँगोला नंतर क्राफ्टननं उचललं, तीच क्राफ्टन जिचं बीजीएमआय आपल्याकडची पोरं खेळतात. सोनीनं २०२३ मध्ये घेतलेल्या फायरवॉकचा कॉन्कॉर्ड ऑगस्ट २०२४ मध्ये आला, दोन आठवड्यांत बंद झाला, ऑक्टोबरमध्ये स्टुडिओ संपला. स्वीडनच्या एम्ब्रेसरनं तर धडाधड स्टुडिओ घेतले, २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलरचा एक सौदा ऐनवेळी फिसकटला आणि कात्री चालू झाली. सेंट्स रो बनवणारी व्होलिशन त्यातच गेली. ते नाव, ते हक्क एम्ब्रेसरकडे आहेत. बनवणारी माणसं घरी बसली.

एका वर्षाच्या एक्सक्लुझिव्हिटीला मी घाबरत नाही आणि आयपीला का घाबरते, ते यावरून कळेल. वर्ष संपतं. हक्क दुसऱ्याकडे गेले आणि तो बुडाला, तर तुमचा गेम कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीतली एक ओळ होऊन बसतो.

आता मसुद्याकडे. पैशाचं कलम आधी. समजा आगाऊ रक्कम १ कोटी रुपये, गेमची किंमत १,००० रुपये, दुकानाचे ३० टक्के गेले की ७०० उरले, आणि वाटा निम्मा-निम्मा. आगाऊ रक्कम पूर्ण ७०० मधून वळती होणार असेल तर साधारण १४,३०० प्रतींनंतर तुमच्या हातात पैसे यायला लागतात. फक्त तुमच्या ३५० मधून वळती होणार असेल तर साधारण २८,६०० प्रती. मधल्या काळात पब्लिशर मात्र पहिल्या प्रतीपासून आपला वाटा घेतोय. कर, सवलतीच्या विक्रीचे दिवस, परत केलेल्या प्रती हे धरलं तर आकडा आणखी लांबतो. दोन्ही मसुद्यांत 'वाटा ५० टक्के' हेच लिहिलेलं असतं. फरक 'कुणाच्या हिश्श्यातून वसुली' या एका ओळीत. वसुलीत आगाऊ रकमेशिवाय आणखी काय घुसवलंय तेही बघ. जाहिरात, भाषांतर, प्रदर्शनांचे विमानप्रवास. प्रत्येकाला वरची मर्यादा घालून घे.

मग घड्याळ. 'प्रकाशनापासून १२ महिने' असं लिहिलंय, पण प्रकाशनाची तारीख ठरवणार कोण? पब्लिशरनं तारीख ढकलली तर तुमचं वर्षही ढकललं जातं. म्हणून बाहेरची तारीख घालून घे: काहीही झालं तरी अमुक तारखेला बंधन संपेल. 'एकाच कन्सोलवर' यात पीसी येतं का तेही लिहून घे. पीसी मोकळं ठेवायला बरेचदा ते राजी होतात, पण न मागता देत नाहीत. शिवाय सबस्क्रिप्शन सेवेत गेम घालण्यावर बंदी आहे का बघ. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये ब्राझीलच्या नियामकाला दिलेल्या उत्तरात म्हटलं होतं की गेम पास या आपल्या सबस्क्रिप्शन सेवेत गेम जाऊ नयेत म्हणून सोनी पैसे मोजते. अशा कलमाचे वेगळे पैसे असतात; ते फुकटात जाऊ देऊ नकोस.

पब्लिशर विकला गेला तर काय, यासाठी कंट्रोल बदलण्याचं कलम लागतं. मालकी बदलली तर तुम्हाला करार सोडण्याचा हक्क मिळावा, असं मागायचं. लहान स्टुडिओला तो सहसा देत नाहीत. मग निदान एवढं मिळव, की नव्या मालकानं ठरावीक मुदतीत गेम बाजारात आणला नाही, किंवा पैसे थकवले, तर सगळे हक्क आपोआप परत येतील. 'आपोआप' हा शब्द हवाच. 'विनंतीनंतर विचार करण्यात येईल' ही थट्टा आहे.

पुढच्या गेमवरचा हक्क. 'आधी आम्हाला दाखवा, ३० दिवसांत बोलू' इथपर्यंत चालेल. 'बाहेरून येणारा कोणताही प्रस्ताव आम्ही जुळवू शकतो' हे चालणार नाही. तुम्ही दुसऱ्या पब्लिशरकडे गेलात की तो विचारणार, कुणाचा मॅचिंग राइट आहे का? आहे म्हटलं की तो बोलणीच करत नाही. आपण आकडा काढायचा आणि माल दुसऱ्यानं न्यायचा, असं कोण करेल?

आणि एक काम पब्लिशरला उत्तर पाठवायच्या आधी करायचंय. तुझ्या पत्रात आहे, की संगीत शिरपूरच्या एका मित्रानं 'असंच' करून दिलंय आणि पात्रांची चित्रं एका मुलीनं मानधनावर काढलीत. पब्लिशर विचारणार, यातलं सगळं तुमचं आहे याचा कागद दाखवा. नोकरीवरच्या माणसानं कामाचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार सहसा नोकरी देणाराच असतो. बाहेरच्या माणसाच्या कामाला ते सरसकट लागू होत नाही, म्हणून हक्क लेखी घ्यायचे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाच: हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. 'सर्व हक्क दिले' एवढ्या एका ओळीवर तुम्ही परदेशात गेम विकायला निघालात तर अडकाल. दोघांकडूनही मुदत, जगभरचा प्रदेश आणि मोबदला स्पष्ट लिहिलेला कागद करून घ्या, संगीतवाल्या मित्राला थोडे तरी पैसे द्या, आणि तुम्ही चौघं आपापले हक्क एका कंपनीच्या किंवा एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेच्या) नावे करा. ते झालं की मसुद्यातली वसुलीची कलमं नावं झाकून मला पाठव, आकडे घालून बघू.